कर्ता कोण?

माझ्या भाचीने अकरावीला मराठी सोडून फ्रेंच घेतले, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. मराठीच्या प्राध्यापकाला घरच्यांवर रुसायला एवढे कारण पुरते. पुढे ती फ्रेंचही विसरली आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात नाशिकहून थेट स्पेनमधील सालामांका येथे एका सत्रासाठी शिकायला गेली. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे, म्हणजे ज्ञानेश्वरीपेक्षा ७२ वर्षांनी वडील!

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, मी परत येते." बापाने कर्ज काढून पाठवलेली पोर, माझ्या पोटात गोळाच आला. वर्गातले डोक्यावरून जाई. बाहेर चार भारतीय मुलींत इंग्रजी चाले. राहायला एका वृद्ध बाईंचे घर, पण त्यांच्यासमोर हिची मान नुसती हलायची.

"भाषाच उलटी आहे रे यांची! 'मे गुस्ता एल काफे'. पुस्तकात लिहिलंय, इथे आवडणारा माणूस कर्ता नसतोच. कर्ता कॉफी!"

"अगं, मग 'मला कॉफी आवडते' यात कर्ता कोण?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "कॉफीच की!"

संत्री अनेक झाली की 'आवडतात' म्हणायचे, हेही तिकडे तसेच. तिचे पुस्तक इंग्रजांसाठी लिहिलेले. घरचा सरळ रस्ता सोडून पोरगी लंडनला वळसा घालून चालली होती.

त्याच फोनवर मी तिला पांडुरंग खानखोजे सांगितले. वर्ध्याचा हा माणूस अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीत पडला आणि ब्रिटिश अमदानीत त्याला मायदेश बंद झाला. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, आणि हे सारे स्पॅनिशमधून! दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने भिंतीवरच्या एका चित्रात त्यांना जेवणाच्या मेजाशी बसवले आहे. ते मायदेशी परतले १९५५ साली. "तुझ्याजवळ फेब्रुवारीचं तिकीट आहे," एवढेच मी म्हणालो.

त्यानंतर ती आजीबाईंशी मनात मराठी जुळवून बोलू लागली. सगळेच जमले असे नाही. बटाट्याची भाजी करायची म्हणून बाजारात तिने ऐटीत 'बटाटा' मागितला आणि उपवास नसताना रताळी घेऊन घरी आली! आपला बटाटा पोर्तुगिजांकडून आलेला. स्पेनमध्ये 'बताता' म्हणजे रताळे, आणि बटाटा तो 'पताता'.

पण जेवणाच्या वेळी तिला घर सापडले. कोणी जेवताना दिसले की तिकडे 'के आप्रोवेचे' म्हणतात. इंग्रजीत याला धड शब्द नाही. आपल्या पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणतात ना, तेच. आणि जेवण आटोपल्यावर मेजाशीच गप्पा मारीत बसण्याला त्यांच्यात चक्क नाव आहे, 'सोब्रेमेसा'. आपल्याकडे नुसते हात वाळतात.

आजीबाईंना ती 'उस्तेद' म्हणे, म्हणजे आपले 'अहो'. नोव्हेंबरात एके दिवशी त्या म्हणाल्या, आता 'तू' म्हण. अरे-तुरे करणे याला स्पॅनिशमध्ये अगदी एक क्रियापद आहे, 'तुतेआर'. हे सांगताना ती फोनवर पुन्हा रडली. या वेळी मी कारण विचारले नाही.

फेब्रुवारीत ती परत आली. आजीबाईंचा फोन अजून रविवारी येतो. परवा माझ्या बहिणीलाही त्यांच्याशी बोलायचे होते. पोरगी मधे बसली, मराठीचे स्पॅनिश आणि स्पॅनिशचे मराठी करीत. अर्ध्या तासात इंग्रजी शब्द एकही नाही. बहीण मात्र शेवटपर्यंत त्यांना 'अहो'च म्हणत होती.