माठाला चालतं, माणसाला नाही

अलीकडेच एका विद्वान गृहस्थांनी भर व्याख्यानात समलिंगी विवाहाचा निकाल लावून टाकला. हे पश्चिमेचं खूळ, शहरी सुखवस्तूंचे चोचले, यात वंश वाढत नाही आणि आपल्याकडे विवाह हा स्त्री-पुरुषांमधला पवित्र संस्कार आहे, असं त्यांचं म्हणणं. टाळ्याही पडल्या.

जे आपल्याकडे नव्हतंच, त्याचं प्रायश्चित्त मनुस्मृतीने कशाला लिहून ठेवलं? त्यासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा मात्र १८६०च्या इंग्रजी दंडसंहितेने आणली. चोचल्यांचं म्हणाल, तर १९८७ साली मध्य प्रदेशात दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं आणि त्यापायी नोकरी गमावली. वंशाची काळजी साठीतल्या विधुराला बोहल्यावर चढवताना कुणी करत नाही.

आता संस्कार. मुलीच्या पत्रिकेत वैधव्ययोग निघाला की आधी तिचं लग्न मातीच्या कुंभाशी लावतात. रीतसर मुहूर्त, मंत्र, अक्षता. मग नवरदेवाला पाण्यात सोडायचं आणि मुलीला कुमारिका समजून दुसऱ्या घरी द्यायचं. पुरुषाचं तिसरं लग्न अशुभ, म्हणून तिसरी बायको रुईचं झाड. हाडामांसाची येते ती चौथी! सरदार घराण्यांत नवरा हजर नसला तर त्याच्या खांड्याशी लग्न लागे. जेजुरीला मुली खंडोबाला वाहिल्या, त्या मुरळ्या झाल्या. त्यांच्या संसाराचं पुढे काय झालं, हे संस्कृतिरक्षकांनी विचारल्याचं ऐकिवात नाही. स्मृतींच्या आठ विवाहांत मुलीला पळवून नेणं बसतं, झोपलेल्या मुलीवर जबरदस्ती करणंही बसतं. निंद्य म्हटलं, पण यादीत घेतलंच. माठ, झाड, तलवार, दगडाचा देव, बलात्कारी, सगळ्यांना मांडवात जागा आहे. दोन शुद्धीवरच्या, राजीखुशीने आलेल्या बाया दारात उभ्या राहिल्या की मात्र पावित्र्याला घाम फुटतो.

हा घाम जुनाच आहे. १८५६ला विधवांच्या पुनर्विवाहाने धर्म बुडणार होता. १८९१ला संमतिवय दहाचं बारा केलं तेव्हा तर पुण्यात सभा उधळल्या गेल्या. बारा वर्षांच्या पोरीसाठी! धर्म काही बुडाला नाही. ती भाषणं मात्र आज कुणी अभिमानाने काढून दाखवत नाही.

मग आम्हाला काय हवं? सप्तपदीत सातव्या पावलाला सख्य मागतात. ते दोघा पुरुषांत किंवा दोघी बायकांत असू शकतं, एवढं मान्य व्हावं. आयसीयूबाहेर सहीला जोडीदार चालावा, वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेला पुतण्याच नव्हे. पेन्शन, वारसा, भाड्याचं घर ओघाने आलंच. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने हा चेंडू संसदेकडे टोलवला. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती केली तरी पुष्कळ काम होईल. त्यात ना होम लागतो ना भटजी. तीन साक्षीदार लागतात, ते आमचे आम्ही आणू.