चुलीपाशी शिकलेली आज्ञा

या अंकासाठी जळगाव-धुळ्याकडून आलेल्या आठवणींत उपदेश फार थोडा आहे, आणि तेच मला मोलाचं वाटतं. एक आजी कळण्याच्या भाकरी थापताना रोज एक जास्तीची थापायची. दारी येईल त्याला ती ठेच्यासह, ताटात वाढून मिळायची. शेजारप्रीतीची आज्ञा नातवंडांना पाठ होण्याआधीच कळली होती. लक्ष्मीबाई टिळकांचा विश्वासही असाच रोजच्या जगण्यात घडला. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या वर्षांत त्या सोवळ्याशी, पाण्याशी, संसाराशी झगडल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांचा विश्वास या झगड्यातच घडताना दिसतो. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या आठवणी आजच विचारा, लिहून घ्या. ते अहिराणीत सांगत असतील, तर अहिराणीतच लिहा. आम्ही त्या तशाच छापू.