निष्ठेचा आकडा आणि रामशेजचा किल्ला

संगणकीय रणनीतीच्या खेळांना ‘कथन’ मानावे की नाही, या वादात मूळ प्रश्न निसटतो : हे खेळ इतिहासाविषयी कोणता सिद्धान्त गृहीत धरतात? अंकारा येथील टेलवर्ल्ड्स या संस्थेचा ‘माउंट अँड ब्लेड २ : बॅनरलॉर्ड’ (२०२२) हा खेळ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्याच्या कल्पित मध्ययुगात प्रत्येक नगराच्या व गढीच्या निष्ठेला शंभरपैकी एक आकडा असतो. मालकाची संस्कृती रहिवाशांहून भिन्न असली की तो रोज घटतो. त्यांच्याच संस्कृतीचा कारभारी नेमला, उत्सव भरविले, की सावरतो. नगराचा आकडा पंचविसाच्या खाली गेला की बंडाचा धोका उद्भवतो.

हा हिशेब निरागस नाही. सजातीयता म्हणजे निष्ठा आणि परकेपणा म्हणजे द्रोहाची शक्यता, हे समीकरण तो निसर्गनियमासारखा मांडतो. नाशिकचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. नाशिकच्या उत्तरेस असलेल्या रामशेजला मोगलांनी १६८२ साली वेढा घातला. शिहाबुद्दीनखान, त्यानंतर खानजहान बहादूर असे नामांकित सेनानी तेथे हतबल झाले आणि किल्ला काही वर्षे झुंजत राहिला. अखेर तो गेला, तो हल्ल्याने नव्हे, किल्लेदाराला फितवून. १६८७ साली साल्हेरही वाटाघाटीनेच मोगलांकडे गेला. संस्कृतीचा निकष लावला तर या दोन्ही ठिकाणी निष्ठा ढळण्याचे कारणच नव्हते.

मराठी राज्यकर्त्यांना हे पुरते उमगले होते. सभासद बखरीतील किल्ल्यांची व्यवस्था पाहावी : हवालदार, सबनीस व सरनोबत यांच्यात अधिकाराची अशी वाटणी की एकाला एकट्याने किल्ला विकता येऊ नये. १७१५ च्या सुमारास रचले गेलेले मानले जाणारे ‘आज्ञापत्र’ तर वतनदारांकडे राज्याचे हिस्सेदार भाऊबंद म्हणूनच पाहते. येथे निष्ठा हा स्वभावधर्म नाही. पगार, वतन, भय आणि परस्परांवरील पाळत यांतून ती रोज घडवावी लागते. आपल्याच माणसांविषयीच्या अविश्वासावर उभा असलेला हा राज्यविचार खेळातील आकड्यापेक्षा अधिक वास्तव आणि अधिक प्रौढ आहे.

खेळाला सुलभीकरण करावेच लागते, असा बचाव केला जाईल. तो अपुरा आहे. सुलभीकरण म्हणजे निवड, आणि निवडीत मूल्यदृष्टी असते. थकलेला पगार, वतनाची हाव, अधिकाऱ्यांतील वैर यांचाही आकडा मांडता आला असता. रचनाकारांनी वजन दिले ते संस्कृतीला. शिवाय हा आकडा सदैव मालकाच्या नजरेतून दिसतो. रयतेने कोणाशी का एकनिष्ठ राहावे, हा रयतेचा प्रश्न त्यात उमटतच नाही.

तरीही दोष केवळ परदेशी खेळावर ढकलून मराठी समीक्षेला मोकळे होता येणार नाही. रामशेजची लोकप्रिय कथा झुंजीपाशी रेंगाळते आणि फितुरीपाशी घाईने पुढे सरकते. ऐतिहासिक कादंबरी फितुराला अपवादात्मक खलपुरुष ठरवून उरलेल्या समाजाला जन्मजात निष्ठेचे प्रशस्तिपत्र देते. खेळ जे आकड्यात सांगतो, तेच ती अलंकारिक गद्यात सांगते. ज्या समाजात माणसाची निष्ठा त्याच्या जन्मावरून मोजण्याची सवय बळावते, तेथे हे साम्य केवळ वाङ्मयीन उरत नाही. म्हणून किल्ला कोणी लढविला याच्याइतकाच तो कोणी, कशासाठी आणि कितीला विकला, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे.