जोडा कुणाचा, पाय कुणाचे?

१/
केडगावहून उत्तरेकडे भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी उजेडात आणलेली ही शेतकऱ्यांची वस्ती इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील.

२/
येथे प्रौढ मृतांना बहुधा घरातच खड्डा खणून, डोके उत्तरेकडे करून पुरत. त्यांची घोट्याखालची पावले मात्र तोडलेली असत. मृताने उठून निघून जाऊ नये म्हणून असे करीत, हे स्पष्टीकरण सर्वत्र सांगितले जाते. पावले तोडली, हा पुरावा; ती का तोडली, हे अनुमान. सांगताना ही सीमारेषा सहसा पुसली जाते.

३/
एक दफन वेगळे आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर, शेजारी धान्याचे कोठार आणि अंगणात चार पायांचा मातीचा रांजण. त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष, आणि त्याची पावले शाबूत! म्हणून तो वस्तीचा प्रमुख मानला गेला. अनुमान सबळ आहे. पण ते उभे आहे घर, कोठार आणि रांजण यांच्या आधारावर. एकट्या सांगाड्यावरून ते करता आले नसते.

४/
याच कोड्याची उलट बाजू ब्रिटनमध्ये दिसते. हेड्रियनच्या भिंतीजवळील विंडोलांडा या रोमन किल्ल्यात पाय नाहीत, पण जोडे आहेत. तेही ५,००० हून अधिक. ओल्या, प्राणवायूविरहित मातीत कातडे टिकले. दख्खनच्या आलटूनपालटून भिजणाऱ्या आणि तापणाऱ्या जमिनीत तसे टिकणे दुर्मीळच.

५/
हे जोडे कुणाचे? तळव्याची लांबी पायाचे माप सांगते, झीज चालण्याची ढब सांगते, खिळे वापर सुचवतात. परंतु लहान जोडा स्त्रीचाही असू शकतो आणि किशोरवयीन मुलाचाही. केवळ मापावरून व्यक्ती ठरत नाही. जोडा कोणत्या थरात आणि कोणत्या इमारतीत सापडला, हे पाहावेच लागते.

६/
तेथील सेनाधिकाऱ्याच्या निवासात एक नाजूक स्त्री-पादत्राण मिळाले. इ.स. १०० च्या सुमारास त्या घरात फ्लेवियस सेरियालिस आणि त्याची पत्नी सुल्पिकिया लेपिडिना राहत असत. तिला वाढदिवसाचे निमंत्रण देणारे पत्रही तेथे सापडले आहे. म्हणून हा जोडा ‘लेपिडिनाचा’ म्हणून ओळखला जातो. मात्र त्यावर उमटवलेले नाव आहे लुसियस एबुटियस थेल्स या कारागिराचे. घालणारीचे नाव त्यावर कोठेही नाही.

७/
आता खरी मोलाची गोष्ट. त्या काळी सामान्य रोमन सैनिकाचा विवाह कायद्याला मान्य नव्हता. ही स्थिती सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या काळापर्यंत टिकली. तरीही सैनिकांच्या बराकींतून स्त्रियांच्या आणि मुलांच्या मापाचे जोडे निघाले. कायद्याने ज्यांना कुटुंब मानले नाही, त्यांचे अस्तित्व कातड्याच्या तुकड्यांनी सिद्ध केले. त्यांतील एकाही जोड्याला नाव देता येत नाही, आणि त्याने त्याचे मोल कमी होत नाही.

८/
नाव देण्याचा मोह नेहमी मोठ्या घराकडे वळतो. तिकडे लेपिडिना, इकडे रांजणातला ‘प्रमुख’. पण इनामगावात तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरलेली बालकेही आहेत. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी त्यांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास करून बालवयातील शारीरिक ताणाच्या खुणा नोंदवल्या. घोडकाठची ती शेती पोरांना काय देऊ शकत होती, हे रांजणापेक्षा हे दात अधिक सांगतात.

९/
म्हणून ‘हे कुणाचे?’ या प्रश्नाच्या उत्तराला पायऱ्या हव्यात. माप हे निरीक्षण, समूह हा तर्क आणि नाव ही शक्यता. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकाने रांजणातला माणूस प्रमुख असावा का, हे विद्यार्थ्यांनाच विचारले आणि कारणे मागितली. ते प्रश्नचिन्ह जपले पाहिजे. ते पुसले की पाच खोल्यांच्या घराचा धनी तेवढा उरतो, आणि पावले गमावलेले बाकीचे गाव इतिहासातून दुसऱ्यांदा पुरले जाते.