एका मिनिटाचा डाव आणि आपली घाई



माझ्या वर्गातला पाचवीचा एक मुलगा रोज संध्याकाळी बाबांच्या मोबाईलवर ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो. तेही 'बुलेट', म्हणजे अख्ख्या डावासाठी प्रत्येकाला एकच मिनिट! "बाई, रोज तीस-चाळीस डाव खेळतो, तरी रेटिंग वाढतच नाही. माझा हात हळू चालतो," तो म्हणाला.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्याचे हरलेले दहा डाव सावकाश पाहिले. सात डावांत वेळ संपायच्या आधीच त्याचा वजीर नाहीतर हत्ती फुकट गेला होता. चुकत होती ती नजर, हात नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे. जलद डावात सुधारायचं तर आधी सावकाश खेळायला हवं. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून मोहरी पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर मांडली. पण मोहरी कशीही विखरून ठेवली, तेव्हा हा फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे ताकद होती ती ओळखीच्या रचनांची. आपण तरी 'पाऊस' हा शब्द कुठे अक्षरं जुळवत वाचतो? बघताक्षणी ओळखतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 चा महिला विश्वचषक जिंकला तो जलद टायब्रेकरमध्ये. पण त्या वेगामागे अनेक वर्षांचा पटावरचा सराव होता, हे मुलांना आवर्जून सांगा.

आम्ही ठरवलेला सराव असा :

1. रोज दहा मिनिटांचे दोनच डाव. हरलेला डाव लगेच पुन्हा बघायचा.
2. एका-दोन चालींत मात करायची दहा कोडी.
3. पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून एक, अशी ठरलेली सुरुवात.
4. राजा-हत्तीने मात देणं न अडखळता यायला हवं.
5. बुलेटचे फक्त पाच डाव. तेही शक्यतो दोन मिनिटांचे आणि प्रत्येक चालीला एक सेकंद वाढवून मिळणारे.

दोन महिन्यांत रेटिंग थोडंच वाढलं, पण वजीर फुकट जाणं बरंच थांबलं.

आता माझी चूक सांगते. मी वर्गात घड्याळ लावून पाढे विचारायचे. एक मुलगी बोटं मोजत, पण बरोबर सांगायची. "चटकन! पुढचा कोण?" असं मी म्हणायचे. हळूहळू तिने हात वर करणंच सोडलं. त्या मुलाचे डाव बघताना मला तीच आठवली. आता मी तिच्या उत्तरासाठी थांबते. परवा तिने आपणहून हात वर केला.

पालकहो, मुलाला "किती डाव जिंकलास?" असं विचारण्याआधी एकदा "आज कुठला डाव परत बघितलास?" असं विचारून बघा. वेग हवाच, पण तो समज पक्की झाली की मागून येतो.