मुश्तरीचा अदृश्य तट

थंडीत मगरिबनंतर वसईतल्या गच्चीवर गेलो की न लुकलुकणारा एक ठळक ठिपका दिसतो. मराठीत तो गुरू, उर्दूत मुश्तरी. वर्गात आम्ही दोन्ही नावे फळ्यावर लिहितो. त्याच फळ्यावर आम्ही एक चूकही लिहिली होती, ती आज दुरुस्त करू.

सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. तो सौरवारा, म्हणजे शम्सी हवा. वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर. पृथ्वीपर्यंत यायला चार दिवस, मुश्तरीपर्यंत सुमारे तीन आठवडे. भरतीचे पाणी अर्नाळ्याच्या किल्ल्याचे बेट लागले की दोन्ही बाजूंनी वळते ना, तसा हा झोत ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राला वळसा घालतो. फरक एवढाच, की किल्ल्याचा तट हलत नाही. मुश्तरीचा तट मात्र झोताचा जोर वाढला की दबतो आणि ओसरला की फुगतो. सूर्याकडची त्याची हद्द कधी ग्रहाच्या त्रिज्येच्या साठपट, तर कधी शंभरपट लांब असते. मागचे शेपूट तर थेट शनीच्या कक्षेपर्यंत पोचते. हे क्षेत्र डोळ्यांना दिसते, तर आपल्या आकाशात ते पौर्णिमेच्या चंद्राहून मोठे भरले असते.

आता चूक. "पृथ्वीप्रमाणेच मुश्तरीच्या ध्रुवांवरची रोशनी सौरवाऱ्यामुळेच पेटते," असे आम्ही शिकवले. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मुश्तरी तर सूर्यापासून पाचपट दूर. तिथे शम्सी हवा विरळ असणार. मग रोशनी आपल्यापेक्षा जास्त कशी?" आम्ही घड्याळाकडे पाहून विषय टाळला. खरे तर उत्तर माहीत नव्हते.

उत्तर असे: मुश्तरीच्या आयो या चंद्रावर ज्वालामुखी धगधगतात आणि त्यांचे साधारण एक टन द्रव्य दर सेकंदाला अवकाशात सुटते. दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरणारा मुश्तरी आपल्या चुंबकीय क्षेत्रासोबत ते गरगरा ओढतो. त्यातून प्रचंड विद्युतप्रवाह वाहतात. दिव्याचे तेल बहुतांशी घरचेच. सौरवाऱ्याचा वाटा अगदीच नाही असे नव्हे. २०१६ मध्ये जुनो यान तिथे पोचत असताना, सौरवाऱ्याने तट दाबला की रोशनी वाढते, असे हबल दुर्बिणीतून दिसले.

या क्षेत्रात अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. त्या आपल्या महाराष्ट्रातही टिपल्या गेल्या आहेत. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्यांनी ६१० मेगाहर्ट्झवर मुश्तरीचे निरीक्षण केले आहे.

सोमवारी वर्गात जाऊन आम्ही फळ्यावरची चूक सांगितली. ती मुलगी हसली नाही, तिने लगेच विचारले, "सर, खोडदला जाता येते?" येते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जायचे तर वसईहून पहाटेच निघावे लागेल.