टोल आधी, शौचालय नंतर?

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. टोलही सुरू झाला. शौचालय, पाणी, थांबायला जागा यांची मात्र बोंब होती. या सोयी खासगी ठेकेदारावर सोडल्या की असेच होणार. गिऱ्हाईक दिसल्याशिवाय तो पैसा लावत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

दोष धोरणाचा आहे. हॉटेल खुशाल खासगी असू द्या. पण शौचालय, पाणी आणि ट्रक उभा करण्याची जागा हा धंदा नाही, रस्त्याचाच भाग आहे. फायदा होईल का, हे बघून कोणी पुलाला कठडा बांधतो का?

आपल्या मोहल्ल्यातले कितीतरी भाऊ ट्रक चालवतात. जागा नसली की ते झोप आल्यावर रस्त्याच्या कडेलाच गाडी लावतात, आणि मागून धडक बसते. आपल्या आई-बहिणी प्रवासात पाणीच पीत नाहीत.

मित्रांनो, माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. रस्ते विकास महामंडळाला तीन प्रश्न विचारा: किती जागा दिल्या? मुदत काय होती? उशिराबद्दल दंड किती वसूल केला?